ठरावातून माझ्या आईचा उल्लेख काढा

मा. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि समस्त ग्रामस्थ,
तसंच ज्या ज्या गावात आरोग्य उपकेंद्र आहे त्या प्रत्येक ग्रामसभेस,

सप्रेम नमस्कार.

१ मेच्या ग्रामसभेत झालेल्या ठरावाचा फोटो मुंबईकर मंडळींकडून फिरत फिरत माझ्या फोनवर आला. उपकेंद्रातल्या आरोग्य सेविका मुख्यालयी, म्हणजे उपकेंद्राच्या गावातच, राहत नाहीत, तालुक्याच्या गावाहून ये-जा करतात, तरी त्यांच्यावर कारवाई व्हावी, असा तो ठराव. त्याची शेवटची ओळ अशी आहे: 'यापूर्वीच्या सिस्टर सलग एकोणीस वर्षे मुख्यालयी राहून रात्री-अपरात्री सेवा देत होत्या, याची नोंद घ्यावी.'

त्या सिस्टर म्हणजे माझी आई.

ही ओळ तुम्ही मनापासून लिहिली असणार, यात मला शंका नाही. तुमची माया मी पाहिली आहे. नव्या भाताची पहिली पायली आमच्या दारात यायची. १२ मेला, परिचारिका दिनाला, शाळेच्या पटांगणात आईला शाल आणि नारळ मिळायचा. तिची बदली झाली तेव्हा लाँचवर पोचवायला अख्खी वाडी आली होती आणि म्हाताऱ्या बायका पाण्यात गुडघाभर उतरून रडत होत्या. तेव्हा हे पत्र मी रागाने लिहीत नाही. पण त्या ओळीमुळे आज एका दुसऱ्या बाईच्या नोकरीवर बेतलं आहे, आणि त्यासाठी माझ्या आईचं उदाहरण वापरलेलं मला सहन होत नाही. ती इथे राहिली, हे तुम्ही दाराबाहेरून पाहिलंत. मी दाराच्या आत होते. आतलं सांगितल्याशिवाय मला गप्प बसता येणार नाही.

१९९१ च्या जूनमध्ये आम्ही इथे आलो. मी चार वर्षांची होते. कोयनेच्या पाण्यावर धुकं होतं आणि लाँचमध्ये आमचं सामान म्हणजे दोन ट्रंका, एक स्टोव्ह आणि आजीची वाकळ. उपकेंद्राच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत तपासणीचं टेबल, औषधांचं कपाट, बाळाचा वजनकाटा. मागची खोली आमची, दहा बाय बारा. त्यात आई, आजी, मी आणि पुढच्या वर्षी जन्मलेला माझा भाऊ. मोरी आत होती, पण तिला दार नव्हतं. आईने जुन्या लुगड्याचा पडदा लावला, तो आम्ही गाव सोडेपर्यंत होता. पाणी विहिरीवरून. संडासाचं बांधकाम कागदावर पूर्ण झालेलं होतं.

स्टोव्ह एकच होता. तेव्हा इंजेक्शनच्या काचेच्या सिरिंजा असायच्या. लसीकरणाच्या दिवशी पहाटे त्या आणि सुया आधी उकळायच्या, वीस मिनिटं, घड्याळ लावून. त्यानंतर त्याच स्टोव्हवर चहा आणि भाकरी. (स्पिरिटचा वास आला की मला अजून भूक लागते. तो वास माझ्यासाठी न्याहारीआधीचा वास आहे.) एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी सिरिंज २००५ च्या सुमाराला आली, तोवर हेच चाललं.

लस प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणावी लागायची. निळा डबा, आत बर्फाच्या चार चपट्या बाटल्या, मधे लस. दोन ते आठ अंशांच्या मधे राहिली तर लस, नाहीतर पाणी. लाँच चुकली की आई डबा डोक्यावर घेऊन काठाकाठाने चालत यायची. वर धनगरवाड्यावर जायचं असलं तर चढ दोन तासांचा. गोवराची कुपी एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. म्हणून ती वर पोचल्यावर आधी सगळी पोरं गोळा करायची आणि मगच कुपी फोडायची. पावसात पायाला जळवा लागायच्या. घरी आल्यावर ती उंबऱ्यावर बसायची आणि मी मिठाची पुडी घेऊन तिच्या पोटऱ्यांवरच्या जळवा सोडवायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया संध्याकाळी अशा बसतात.

सरकारच्या नियमाप्रमाणे डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असतं, सपाटीवर पाच हजारांमागे. आकडा ऐकायला सोपा आहे. आपल्या खोऱ्यात ते तीन हजार लोक पाण्याच्या दोन्ही बाजूंना आणि डोंगराच्या तीन पायऱ्यांवर पसरलेले आहेत, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

आता रात्रीबद्दल. ठरावात 'रात्री-अपरात्री' असा शब्द आहे, म्हणून मला हे लिहावंच लागतंय. आईने ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी लिहिते आहे हे तिला माहीत आहे. तिने हो म्हटलेलं नाही, पण नकोही म्हटलेलं नाही.

रात्री दार वाजलं की आई लगेच उठायची नाही. आधी ऐकायची. 'खऱ्या पेशंटचं माणूस आधी लांबून हाक मारतं, मग कडी वाजवतं,' ती सांगायची. 'सिस्टर, ओ सिस्टर, पोरीच्या कळा सुरू झाल्यात, चला की!' अशी हाक वळणावरून यायला लागली की ती अंधारातच पदर खोचायची. पण काही वेळा हाक न देता नुसती कडी वाजायची. तेव्हा आजी मोठ्याने खोकायची, घरात माणूस जागं आहे हे कळावं म्हणून. आईच्या उशाशी कोयता असायचा. १९९९ ला आजी गेली, त्यानंतर तो खोकला मी काढायचे. बारा वर्षांची मी, आवाज जाड करून खोकत बसायचे. मागच्या दाराची कडी तीन वेळा तुटली. दोनदा आईने स्वतःच्या पैशाने बसवून घेतली, तिसऱ्यांदा दाराला ट्रंक लावून आम्ही पावसाळा काढला.

ते कोण होतं, हे विचारू नका. मी हे लिहिते आहे ते कुणाला उघडं पाडण्यासाठी नाही. तिशीतली एक बाई, तिचा नवरा मुंबईत, आणि ती गावाच्या टोकाला असलेल्या इमारतीत पोरांना घेऊन राहते, म्हणजे नेमकं कसं राहते, ते तुम्हाला कळावं एवढंच.

नवरा मुंबईत का, तर वडील माथाडी कामगार. आपल्या जावळी-पाटणातल्या किती घरांची हीच गोष्ट आहे, तुम्हाला सांगायला नको. त्यांची नोकरी सरकारी नसल्यामुळे पती-पत्नी एकत्रीकरणाखाली आईला बदली मागता येत नव्हती. इतर कारणांनी तिने दोनदा मागितली. मंजूरही झाली एकदा. पण बदली कर्मचारी हजर झाल्याशिवाय सोडणार नाही असं उत्तर आलं आणि इथे हजर व्हायला कुणी तयार होईना. म्हणजे सलग एकोणीस वर्षं हा काही तिने घेतलेला वसा नव्हता. त्यातली निदान अकरा वर्षं तिला जायचं होतं आणि जाता येत नव्हतं.

वडील गणपतीत यायचे, शिमग्याला यायचे आणि दिवाळीत जमलं तर. २०१९ ला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आई निवृत्त झाली. लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर माझे आई-वडील पहिल्यांदा एका घरात राहायला लागले. पहिल्या सकाळी वडिलांनी चहा केला आणि त्यात दोन चमचे साखर घातली. आईने साखर सोडून पंधरा वर्षं झाली होती. ती काही बोलली नाही, प्यायली. वडिलांना ते माझ्याकडून कळलं, आठवड्याने.

भावाबद्दल थोडंसंच लिहिते. तो सहा वर्षांचा असताना एका रात्री त्याला सणकून ताप भरला होता आणि त्याच रात्री धनगरवाड्यावरून डोली घेऊन चार माणसं आली. बाई आडली होती. आईने त्याला औषध पाजलं, मला ओल्या फडक्याने अंग पुसत राहायला सांगितलं, आजीकडे एकदा पाहिलं आणि ती निघाली. बाई आणि बाळ दोघंही वाचली. त्या बाळाला तुम्ही ओळखता, तो आज लाँच चालवतो. आई सकाळी परतली तेव्हा भावाचा ताप उतरला होता. ती आंघोळ करून त्याच्या शेजारी आडवी झाली आणि त्याने तिच्याकडे पाठ फिरवली. दहाव्या वर्षी शाळेसाठी तो साताऱ्याला मावशीकडे गेला आणि मग सुट्टीतही तिथेच रमायला लागला. आज तो आईची सगळी काळजी घेतो. पण या गावात पाय ठेवत नाही.

त्या रात्री आईने बरोबर केलं की नाही, यावर मी खूप विचार केला आहे. तिने बरोबरच केलं. तरीही त्याचा हिशेब कुठेतरी व्हायला हवा होता. तो झाला नाही, तो आमच्या घरातच मुरला.

तुम्हाला आठवत असेल, तेव्हा कुटुंबनियोजनाचं टार्गेट असायचं. वर्षाला नसबंदीच्या इतक्या केस, इतक्या तांब्या (कॉपर-टी). मार्च जवळ आला की आईचा चेहरा बदलायचा, कारण टार्गेट भरलं नाही तर पगार अडायचा. ज्या बायकांची बाळंतपणं तिने केली त्यांच्याच दारात तिला ऑपरेशनला चला म्हणून जावं लागायचं. काही घरांनी तेव्हा तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. एप्रिल १९९६ मध्ये ती टार्गेटं देशभर रद्द झाली. त्या उन्हाळ्यात मी आईला पहिल्यांदा गाणं गुणगुणताना ऐकलं.

आणि पोलिओ. पहिला पल्स पोलिओ डिसेंबर १९९५ चा. तेव्हापासून दर फेरीला बूथ, आणि पुढच्या वर्षांत दुसऱ्या दिवसापासून घरोघरही. दारावर खडूची खूण, पोराच्या करंगळीला शाई. मुंबईहून सुट्टीत आलेली पोरं, ऊसतोडीला निघालेल्या टोळीतली पोरं, कुणी सुटता कामा नये. तुम्हीच तिला म्हणायचात, 'किती येळा पाजताय सिस्टर, पोराचं पोट भरलं की!' भारतातला शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. तोवर आई दुसऱ्या उपकेंद्रात होती. टीव्हीवर दिल्लीचा कार्यक्रम दाखवत होते. आईने हातातली भाजी तशीच ठेवली आणि शेवटपर्यंत उभी राहून पाहिलं.

हे सगळं खरं आहे, आणि याचा अभिमान मला तुमच्यापेक्षा कणभर जास्तच आहे. म्हणूनच सांगते, नव्या सिस्टरला हे माप लावू नका.

यंदा शिमग्याला मी गावात आले होते. उपकेंद्रात गेले. बाहेरच्या भिंतीला नवा रंग आहे, आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी आहे. मागच्या खोलीचं कुलूप सिस्टरनीच उघडून दाखवलं. छताचं प्लास्टर निम्मं खाली आलंय, सळ्या दिसतात. मोरीला अजूनही दार नाही. आमच्या कॅलेंडरचा खिळा तिथेच होता. नळ आलाय, पण तो पुढच्या खोलीत. मागच्या दाराला कडीच्या जागी तार गुंडाळली आहे. मी २०१० मध्ये पाहिलं त्याहून ती खोली वाईट झाली आहे.

सिस्टरचं बाळ दीड वर्षाचं आहे. ती करारावर आहे, अकरा महिन्यांची नेमणूक, मग पुन्हा नवी ऑर्डर. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की घरभाडं घेतात आणि राहत नाहीत. तिला घरभाडं मिळत नाही, ठरावीक मानधन मिळतं. सकाळी नवरा गाडीवरून सोडतो, संध्याकाळी न्यायला येतो. आईच्या काळी दप्तर म्हणजे दहा-बारा रजिस्टरं होती. तिच्याकडे रजिस्टरंही आहेत आणि त्यावर फोनमधली पोर्टलं. गरोदर मातांचं वेगळं, लसीकरणाचं वेगळं, बीपी-शुगरच्या तपासणीचं वेगळं. खोऱ्यात रेंज नाही, त्यामुळे दिवसभराची माहिती ती रात्री बाळ झोपल्यावर घरी भरते. तिचं कामही रात्री-अपरात्री चालतं. ते तुम्हाला दिसत नाही इतकंच.

रात्रीच्या बाळंतपणाची तुमची काळजी खोटी नाही. बायका आता दवाखान्यात बाळंत होतात, १०८ ची गाडी आली आहे, तरी पावसात घाट बंद पडला की गावात एक शिकलेला हात असणं म्हणजे काय, ते मला कळतं. सिस्टर इथे राहावी, असं मलाही वाटतं. पण तिने कुठे राहायचं, हे ठरावात एका अक्षरानेही लिहिलेलं नाही.

आणि ही खोली दुरुस्त करणं पूर्णपणे आपल्या हाताबाहेर होतं असंही नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, तेव्हापासून उपकेंद्राला वर्षाला दहा हजारांचा अबंधित, म्हणजे एका ठरावीक कामाला न बांधलेला, निधी मिळायला लागला आणि त्याचं खातं सरपंच आणि सिस्टर यांच्या जोडसहीचं होतं. गावाच्या आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समितीलाही तेवढाच निधी होता. किरकोळ दुरुस्तीला तो वापरता येत होता. त्या पैशातून आईने पुढच्या खोलीला पडदे शिवले, बाळंतिणींसाठी खाट आणली, बाकडं आणलं, पाण्याची टाकी बसवली. मागच्या खोलीला पाच रुपयेसुद्धा लावले नाहीत. मी भांडले होते तिच्याशी. ती म्हणाली, 'माझ्या घरासाठी मी कुणाकडे सही मागू?' इथे माझी आई चुकली, असं माझं स्पष्ट मत आहे. तिने मागायला हवं होतं. तिने सोसलं, म्हणून तिच्यानंतर येणाऱ्या प्रत्येक बाईने सोसावं असा पायंडा पडला. पण सही करणाऱ्यांनीही तिला कधी विचारलं नाही, सिस्टर, तुमच्या मोरीला दार आहे का?

माझं मागणं एवढंच आहे. ठरावातून माझ्या आईचा उल्लेख काढा. त्या जागी त्या खोलीची स्थिती लिहा: छत, दार, कडी, मोरी, नळ, संडास, उजेड. तो ठराव जिल्हा परिषदेकडे पाठवा आणि पाठपुरावा करा, नव्या सिस्टरवर कारवाईसाठी तुम्ही जितका कराल तितकाच. पंचायतीकडून जे होण्यासारखं आहे, ते पावसाळा सरताच करून टाका. रात्री सोबतीला गावातली एखादी जाणती बाई तिथे झोपायला येईल का, हे बायकांच्या सभेत विचारा. आशाताई आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, त्यांना माहीत असतं कुणाला विचारायचं. बाळाला दिवसभर अंगणवाडीत सांभाळलं जाईल, असं त्या सिस्टरला गावाने आपणहून सांगा. एवढं झाल्यावरही ती राहिली नाही, तर तुमच्या ठरावावर मी स्वतः सही करीन.

बाकीच्या गावांनाही हे कळवावंसं वाटलं, कारण अशा मागच्या खोल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आईच्या मैत्रिणी सगळ्या याच नोकरीतल्या. कुणाच्या खोलीत गुरांचा चारा भरलेला, कुणाच्या खोलीची किल्लीच सापडत नाही.

ठरावाचा फोटो मी आईला दाखवला. चष्मा लावून तिने तो दोनदा वाचला. आपलं कौतुक वाचून तिला बरं वाटेल अशी माझी समजूत होती. तिने फोन परत दिला आणि विचारलं, 'त्या पोरीचं बाळ केवढं आहे गं?'

१५ ऑगस्टची ग्रामसभा दरवर्षी शाळेत होते. यंदा ती उपकेंद्राच्या मागच्या खोलीत भरवा, ही विनंती. सगळे मावणार नाहीत, निम्म्यांना दारात उभं राहावं लागेल. ऑगस्टात पाऊस असेलच, छत कुठे कुठे गळतं ते बसल्या जागी दिसेल. मी येते आहे. आई पण येणार म्हणते. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, लाँचमधून उतरताना कुणीतरी हात द्यावा लागेल.

आपली,
उपकेंद्राच्या मागच्या खोलीत वाढलेली,
सिस्टरची मुलगी